बचत गटासाठी भाजीची लाकडी खोकी करताना

महिला बचत गटाला भाजीविक्रीसाठी लाकडी खोकी करून द्यायची असतील, तर फळी कापण्याआधी ही खोकी कोण उचलणार आणि कोणत्या वाहनातून जाणार, हे गटातील बायकांनाच विचारावे. आतून सुमारे ४५ × ३० × २५ सेंटीमीटरचे माप कांद्या-बटाट्याला पुरते. टोमॅटोसाठी मात्र उंची १५ सेंटीमीटरच ठेवावी, कारण खोल खोक्यात तळची फळे वरच्या भाराने चेपतात. जुन्या पॅलेटच्या (माल रचून वाहून नेण्याच्या लाकडी चौकटीच्या) फळ्या वापरणार असाल, तर त्यांवरील शिक्का अवश्य पाहावा: ‘एचटी’ म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केलेले लाकूड, ते तेलकट डाग नसल्यास चालते; ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलेले, ते कितीही स्वस्त मिळाले तरी अन्नाजवळ आणू नये. कोपऱ्यांत आतून चौकोनी ठोकळे द्यावेत आणि फळी चिरू नये म्हणून आधी बारीक भोक पाडून स्क्रू बसवावेत, कारण नुसत्या खिळ्यांचे सांधे रोजच्या उचल-ठेवीने सैल होतात. पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवावी. आतून रंग न देता कडा पॉलिश पेपरने घासाव्यात. सगळी खोकी एकदम न करता एकच नमुना आठवडाभर बाजारात वापरायला द्यावा. हाताची पकड कुठे हवी, हे तेव्हाच नेमके कळते.