फ्लेक म्हणजे मोरी, बारामुंडी म्हणजे जिताडा: ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मासे कसे मागवावेत

ऑस्ट्रेलियात समुद्राकाठच्या बहुतेक गावांत फिश अँड चिप्सचे एक तरी दुकान असतेच. दाराला माश्या आत येऊ नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा, आत काचेचे थंड कपाट, त्यामागे तेलाच्या खोल कढया आणि वर भिंतभर पसरलेला दरफलक, असे त्याचे साधारण रूप असते. अडचण असते ती या फलकाची. ज्याला सगळे आधीच ठाऊक आहे अशा गिऱ्हाइकासाठी तो लिहिलेला असतो आणि त्यावरचे शब्द राज्य बदलले की अर्थही बदलतात. न्यू साउथ वेल्सच्या किनाऱ्यावर एका दुकानात मी पहिल्यांदा सहा स्कॅलप मागवले तेव्हा शिंपल्यातला तो पांढरा, गोडसर गर मिळेल अशी माझी अपेक्षा होती. बाकावर बसून कागद उलगडला, तर आत पिठात बुडवून तळलेल्या बटाट्याच्या सहा जाड चकत्या निघाल्या. भजी उत्तम होती, पण ती खाण्यासाठी मी समुद्रावर गेलो नव्हतो.

त्यामुळे पहिला धडा बटाट्याचा. न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलँडमध्ये या भज्याला ‘पोटॅटो स्कॅलप’ किंवा नुसते ‘स्कॅलप’ म्हणतात, व्हिक्टोरियात तेच ‘पोटॅटो केक’ होते आणि साउथ ऑस्ट्रेलियात ‘पोटॅटो फ्रिटर’. खरे शिंपले हवे असतील तर ‘सी स्कॅलप’ असे स्पष्ट म्हणावे आणि किंमत पाहावी. एका नगाला किरकोळ नाणी पडत असतील तर तो बटाटाच आहे, हे समजून घ्यावे.

आता माशाकडे वळू. फलकावर नुसते ‘फिश’ लिहिलेले असेल तर तो कोणताही मासा असू शकतो, आणि पुष्कळदा तो व्हिएतनामहून आलेला बासा किंवा न्यूझीलंडची होकी असते. त्यात फसवणूक आहे असे नाही, स्वस्त मासा म्हणूनच तो विकला जातो. परंतु किनाऱ्यापर्यंत येऊन गोठवलेला बासा खाण्यात हशील नाही, असे माझे मत आहे. म्हणून काउंटरवरचा पहिला प्रश्न ‘आज कोणता मासा आहे आणि तो कुठला आहे?’ हाच असावा. नॉर्दर्न टेरिटरीत आयात केलेला मासा तसा असल्याचे उपाहारगृहांनी सांगण्याची सक्ती २००८ पासून आहे. देशभरातल्या उपाहारगृहांना व टेकअवे दुकानांना १ जुलै २०२६ पासून असेच बंधन लागू करणारा नियम झाला असून त्यात पदार्थापुढे ऑस्ट्रेलियन मालासाठी ‘ए’, आयात मालासाठी ‘आय’ आणि मिश्र मालासाठी ‘एम’ अशी अक्षरे लिहायची असतात.

मराठी मासेखाऊला दिलासा असा की यातले बरेच मासे त्याच्या ओळखीचे किंवा निदान ओळखीच्यांचे नातेवाईक आहेत. बारामुंडी, जिला सगळे लाडाने ‘बारा’ म्हणतात, ती म्हणजे आपला जिताडाच. ती उत्तरेकडच्या खाड्यांत आणि नद्यांत पकडली जाते, शिवाय तिची शेतीही मोठ्या प्रमाणावर होते. व्हायटिंग हा मुडदुशीच्या कुळातला मासा, आणि दक्षिण किनाऱ्यावरचा किंग जॉर्ज व्हायटिंग या कुळातला सर्वांत मानाचा. त्याचे मांस इतके नाजूक असते की त्याला जाड पिठाचा अंगरखा घालणे मला अन्याय वाटतो. व्हिक्टोरिया, टास्मानिया आणि साउथ ऑस्ट्रेलियातल्या फलकांवर सर्वांत वर दिसणारा ‘फ्लेक’ म्हणजे मोरी, अर्थात मुशी. ऑस्ट्रेलियाच्या मत्स्यनामांच्या मानकानुसार हे नाव गमी शार्क आणि न्यूझीलंडची रिग या दोनच जातींसाठी आहे, मात्र ते मानक पाळणे बऱ्याच अंशी ऐच्छिक असल्याने इतर मोरीही या नावाखाली खपून जाते. फ्लेकला काटे नसतात, फक्त मऊ कूर्चा असते, म्हणून लहान मुलांसाठी लोक हाच मासा घेतात. गर्भवती स्त्रियांनी मात्र जपून राहावे: मोरीसारख्या शिकारी माशांत पारा साठतो, म्हणून तेथील अन्न सुरक्षा यंत्रणेचा सल्ला असा आहे की पंधरवड्यात दीडशे ग्रॅमची एकच वाढणी खावी आणि त्या पंधरवड्यात दुसरा कोणताही मासा खाऊ नये.

स्नॅपरच्या बाबतीत नावाने गोंधळ होतो. ज्यांना तांबोशी अपेक्षित असते त्यांना ऑस्ट्रेलियन स्नॅपर वेगळा लागतो, कारण तो त्या कुळातला नाहीच. क्वीन्सलँड किंवा वेस्टर्न ऑस्ट्रेलियात ‘रेड एम्परर’ दिसला तर तो तांबोशीच्या कुळातला. फ्लॅटहेडच्या शेपट्या, म्हणजे डोके आणि पोट काढून उरलेले लांबट तुकडे, आग्नेय किनाऱ्यावर सर्वत्र मिळतात आणि पिठात तळण्यासाठी त्यांच्याइतका चांगला मासा मला तरी सापडलेला नाही.

मासा ठरला की तो कसा हवा, हे विचारले जाते. ‘बॅटर्ड’ म्हणजे पातळ पिठात बुडवून तळलेला. हे पीठ कधी बिअरमध्ये भिजवलेले असते आणि तसे असल्यास फलकावर ते अभिमानाने लिहिलेले असते. ‘क्रम्ब्ड’ म्हणजे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेला. ‘ग्रिल्ड’ या शब्दाने मात्र निखाऱ्यावर भाजलेला मासा डोळ्यांसमोर आणू नये, कारण बहुतेक टेकअवे दुकानांत तो सपाट लोखंडी तव्यावर तेल सोडून परतलेला असतो आणि त्याच तव्यावर बर्गरची गोमांसाची टिकिया व बेकनही परतले जाते. ज्यांना हे चालत नाही त्यांनी आधीच सांगितले तर अनेक ठिकाणी तवा खरवडून देतात किंवा वेगळे भांडे वापरतात.

तेलाचा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे. काही दुकाने आजही ‘बीफ टॅलो’ किंवा ‘ड्रिपिंग’मध्ये, म्हणजे गुराच्या चरबीत, चिप्स तळतात आणि चवीसाठी त्याची जाहिरातही करतात. तेव्हा ‘व्हॉट ऑइल डू यू फ्राय इन?’ एवढे विचारण्यात संकोच बाळगू नये. अॅलर्जीमुळे हा प्रश्न तिथे रोज विचारला जातो आणि कुणाला त्याचा राग येत नाही. वनस्पतिजन्य तेल असले तरी पोटॅटो केक आणि मासा बहुधा एकाच कढईत तळले जातात, हे शुद्ध शाकाहारी व्यक्तीने लक्षात ठेवावे. वेगळी कढई असेल तरच पुढे जावे.

चिप्सचे माप हा नवख्यांचा आणखी एक अडथळा. व्हिक्टोरियात ‘मिनिमम चिप्स’ हा शब्द ऐकू येतो. त्याचा अर्थ दुकान देते ते सर्वांत लहान माप असा आहे, पण हे ‘लहान’ माप दोन माणसांना सहज पुरते. चार जणांसाठी चार मापे मागवणाऱ्याकडे काउंटरवरची बाई क्षणभर पाहते आणि मग मुकाट्याने बटाटे कढईत टाकते. त्यानंतर ‘सॉल्ट ऑर चिकन सॉल्ट?’ असा प्रश्न येतो. चिकन सॉल्ट हे पिवळसर, मसालेदार मीठ १९७० च्या दशकात साउथ ऑस्ट्रेलियात भाजलेल्या कोंबडीवर भुरभुरण्यासाठी तयार झाले आणि पुढे चिप्सवर स्थिरावले. नावात कोंबडी असली तरी अनेक कंपन्यांच्या मिठात कोंबडीचा अंशही नसतो, काहींच्या असतो. त्यामुळे शाकाहारी व्यक्तीने डबा दाखवायला सांगावा किंवा साधे मीठ घ्यावे. व्हिनेगर मागितल्यास मिळते, टार्टर सॉस आणि लिंबाची फोड यांचे पैसे पुष्कळदा वेगळे पडतात.

पुडके हातात आले की एक काम ताबडतोब करावे: पांढऱ्या कागदाचा वरचा कोपरा फाडून मुठीएवढे भोक पाडावे. आत कोंडलेली वाफ पाच मिनिटांत कुरकुरीत पिठाचा लगदा करते. समुद्रापर्यंत चालत जायचे असेल तर हे भोक फारच उपयोगी पडते, आणि वासाने गोळा होणारे सीगल पक्षी मात्र त्यामुळे दोन मिनिटे आधी येतात. त्यांना एकही तुकडा टाकू नये; एकाला दिला की चाळीस येतात.

त्याच फलकावर माशांखेरीज आणखी काही गोष्टी असतात. डिम सिम हा मेलबर्नमध्ये १९४० च्या दशकात चिनी स्वयंपाकातून निपजलेला जाडजूड गोळा कोबी आणि मांसाने भरलेला असतो, मांस डुकराचे, मेंढीचे किंवा गुराचे असू शकते, आणि तो वाफवलेला हवा की तळलेला हे सांगावे लागते. वाफवलेला, वर सोया सॉस घालून, अधिक चांगला लागतो. चिको रोल १९५१ मध्ये वॉगा वॉगाच्या कृषी प्रदर्शनात पहिल्यांदा विकला गेला. जाड आवरणाच्या स्प्रिंग रोलसारखा दिसतो, पण आत गोमांस असते. ‘बर्गर विथ द लॉट’ म्हणजे गोमांसाच्या टिकियेवर अंडे, बेकन, चीज, अननस आणि बिटाची चकती असे सगळे. बीट काढायला सांगितले तर ते काढतात, थोडे दुखावल्या चेहऱ्याने.

तळणापलीकडचे पदार्थ मासळीबाजारात किंवा बसून खाण्याच्या उपाहारगृहात घ्यावेत. कोळंबीपासून सुरुवात करावी, आणि तिच्या बाबतीत एक शब्द पाठच करावा: ‘ग्रीन प्रॉन्स’ म्हणजे हिरवी नव्हे, कच्ची कोळंबी. उरलेली, नारिंगी रंगाची, सोललेली नसलेली कोळंबी आधीच खाऱ्या पाण्यात उकडलेली असते. ती घरी नेऊन आमटीत पुन्हा शिजवली की रबर होते. आमच्या घरी एका नाताळात किलोभर किंग प्रॉन्सचे असेच मातेरे झाले. उकडलेली कोळंबी थंडच खायची असते. डोके एका हाताने आणि धड दुसऱ्या हाताने धरून हलका पीळ द्यावा म्हणजे डोके सुटते, मग पायांच्या बाजूने अंगठा घालून टरफल गोल सोलावे, शेपटी चिमटीत दाबून ओढावी आणि पाठीवरचा काळा दोरा काढून टाकावा. लोणी लावलेला मऊ पाव, लिंबू आणि कॉकटेल सॉस एवढे तिला पुरे असते. डोके आणि टरफलात जवळपास निम्मे वजन जाते, हे किलोचा भाव पाहताना विसरू नये.

कालवे अर्धा डझन किंवा डझनाने मागवतात. सिडनी रॉक ऑयस्टर ही न्यू साउथ वेल्सच्या खाड्यांतली मूळ जात लहान असते, विक्रीयोग्य व्हायला साधारण तीन वर्षे घेते आणि तिची चव खोल, जिभेवर बराच वेळ रेंगाळणारी असते. पॅसिफिक ऑयस्टर १९४० च्या दशकात जपानमधून आणले गेले; साउथ ऑस्ट्रेलियातील कॉफिन बे आणि टास्मानियात ते वाढवतात आणि ते मोठे व मांसल असतात. ‘नॅचरल’ म्हणजे कच्चे, फक्त लिंबासह. ‘किलपॅट्रिक’ म्हणजे वर बेकन आणि वुस्टरशायर सॉस घालून भाजलेले, तेव्हा डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी ते टाळावे. ज्यांना कच्चे नको त्यांनी चीजच्या सॉसमधले ‘मोर्ने’ घ्यावे, जरी त्यात कालवाची चव शोधावी लागते.

‘बग’ या नावाला बिचकू नये. मॉरटन बे बग आणि बाल्मेन बग ही शेवंडीची चपटी भावंडे आहेत. पहिल्याचे डोळे कवचाच्या अगदी कडांना असतात, दुसऱ्याचे मध्याजवळ. खायचे मांस फक्त शेपटीत असते, आणि उभे चिरून लसूण-लोण्यात भाजलेला मॉरटन बे बग ब्रिस्बेनकडे गेल्यास चुकवू नये. चिंबोरीच्या शौकिनांना ‘मड क्रॅब’ ओळखीचा वाटेल, मात्र क्वीन्सलँडमध्ये मादी पकडण्यास बंदी असल्याने तिथल्या ताटात अंड्यांनी भरलेली चिंबोरी शोधू नये. पश्चिमेला फ्रीमँटलकडे शिनाण्यांचे ‘चिली मसल्स’ टोमॅटो आणि मिरचीच्या रश्शात येतात. पाव जास्त मागवावा, कारण खरा जीव रश्शातच असतो. टास्मानियात होबार्टच्या कॉन्स्टिट्यूशन डॉकवर तरंगत्या दुकानांतून मासे मिळतात आणि बेकऱ्यांत करी पावडर घातलेला स्कॅलप पाय मिळतो. तिथे स्कॅलप म्हणजे खरोखरच स्कॅलप. पिवळट, किंचित गोड, सौम्य करीतले शिंपले प्रथम विचित्र वाटतात, पण थंड वाऱ्यात उभ्याने खाताना मन बदलते.

जाण्याची वेळही पाहून ठेवावी. लहान गावांतली दुकाने दुपारी बंद होऊन संध्याकाळी पुन्हा उघडतात, अनेक सोमवारी उघडतच नाहीत, आणि पबचे स्वयंपाकघर रात्री आठ-साडेआठलाच आवरते. शुक्रवारी संध्याकाळी, विशेषतः गुड फ्रायडेला, फोन करून आधी मागणी नोंदवावी. दरांत दहा टक्के जीएसटी धरलेलाच असतो आणि टिप देण्याची सक्ती नसते. सार्वजनिक सुटीच्या दिवशी मात्र बिलावर दहा ते पंधरा टक्के अधिभार लागू शकतो आणि तो मेन्यूवर बारीक अक्षरांत लिहिलेला असतो. शेवंडीपुढे आकड्याऐवजी ‘मार्केट प्राइस’ लिहिले असेल तर मागवण्यापूर्वी आकडा विचारावा. ‘बीवायओ’ अशी पाटी असलेल्या ठिकाणी वाइनची बाटली बरोबर नेता येते, तिच्यासाठी थोडे कॉर्केज, म्हणजे बाटली उघडून वाढण्याचे शुल्क, द्यावे लागते.

कोळंबी घरी आणून खाल्ली असेल तर टरफले लगेच कचऱ्याच्या डब्यात टाकू नयेत. उन्हाळ्यात कचऱ्याची गाडी आठवड्यातून एकदाच येते आणि तोवर अंगणात उभे राहवत नाही. तिथले लोक टरफले पिशवीत घट्ट बांधून फ्रीझरमध्ये ठेवतात आणि गाडी येण्याच्या आदल्या रात्री बाहेर काढतात.