कोत द्यु रोन: आधी गार करा, मग चाखा

दक्षिण फ्रान्समधल्या रोन नदीच्या खोऱ्यातली ही रेड वाइन फ्रेंच वाइनच्या मानाने बरीच स्वस्त असते. तिचं नाव १९३७ पासून कायद्याने राखीव आहे. ती बहुतेक वेळा मिश्रण असते: ग्रनाश द्राक्षामुळे लाल फळांचा गोडसर स्वाद, सिरामुळे गडद रंग आणि मिरीची झाक, मूर्वेद्र असेल तर थोडा भारदस्तपणा.

रेड वाइन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी, हा सल्ला थंड युरोपातल्या घरांसाठी ठीक. आपल्याकडच्या तीस अंशांत तिच्यातलं अल्कोहोलच नाकात शिरतं. बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवून गार करा. १६ अंशांच्या आसपास ती खुलते.

ग्लास एक तृतीयांशच भरा, फिरवा, वास घ्या. छोटा घोट घेऊन तोंडभर घोळवा. हिरड्यांना जाणवणारा तुरटपणा म्हणजे टॅनिन. तो बोचत असेल तर सोबत चीज किंवा भाजलेलं मटण घ्या, लगेच मवाळ होतो. वाइन ओतून तिला हवा लागू द्यायला महागडा डिकँटर (काचेची सुरई) कशाला? साधा काचेचा जग पुरतो. उरलेली वाइन बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा.