गावाचा इतिहास ऐकायचा कसा

मी साताऱ्यात समुपदेशक आहे. आठवडाभर माणसांचं ऐकते, रविवारी गावांचं. दोन्हीकडे जीव सारखाच गुंततो.

सुरुवात म्हाताऱ्या माणसांपासून करा. मात्र ‘इतिहास सांगा’ म्हटलं की माणूस गप्प होतो. ‘लग्न होऊन आलात तेव्हा पाणी कुठून भरायचात?’ असं विचारा. मग आड, पाणवठा, कुणाला कुठे पाणी घेऊ देत नसत, सगळं निघतं. पाटणकडच्या एका आजींना मी कोयनेच्या भूकंपाचं विचारलं, ११ डिसेंबर १९६७. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मीही काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “भांडी आधी वाजली गं.” अशी शांतता मोडू नका. डोळे भरून आले तर वही मिटा, चहा घ्या, पुन्हा कधीतरी जा. रेकॉर्डिंग परवानगीनंच करा. आणि समुपदेशनाला आलेल्यांच्या गोष्टी या वहीत कधीच येता कामा नयेत.

ऐकलेलं मग दगडाशी ताडून बघा. लिंबजवळच्या बारा मोटेच्या विहिरीवर शिलालेख आहे. अक्षरांत खडू किंवा तेल भरू नका. बाजूनं तिरका टॉर्च धरला की ती उठून दिसतात. शक सापडला तर ७८ मिळवा: शके १६४१ म्हणजे साधारण इ. स. १७१९. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, खालून वर वाचायचा: तळाला लढाई, मध्ये अप्सरा, वर शिवपूजा.

मोडी लिपी मात्र शिकाच. जुने कागद त्याशिवाय उघडत नाहीत.