पडीक वरकसाचा इतिहास कसा वाचायचा

आमच्या रत्नागिरीकडच्या गावात वर सडा (जांभ्या दगडाचं उघडं पठार), उतारावर वरकस (भात न होणारी हलकी जमीन) आणि व्हाळाकाठी, म्हणजे ओढ्याकाठी, भाताचे चार कोपरे. अशा जमिनीत पूर्वी काय पिकत होतं हे शोधायचं असेल तर आधी तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने हातलिखित सातबारे आणि फेरफार मागवा. त्यातल्या नमुना बारावरची, म्हणजे पीक नोंदीच्या भागातली, पिकं वर्षवार एका वहीत उतरवा.

मी उतरवली तेव्हा एका सर्वे नंबराची रांग अशी निघाली : नाचणी, वरी, हरीक (हेही एक भरड धान्य), पड, पड, पड, पड. घरी येऊन म्हटलं, आजोबा आळशीच होते म्हणायचे! आई म्हणाली, "अरे, जमिनीला दम नको द्यायला?"

तिथे माझं वाचन सुधारलं. कोकणातला तीन हजार मिलिमीटरच्या घरातला पाऊस जांभ्यावरच्या पातळ मातीतला कस धुऊन नेतो. शेणखत जेमतेम भाताला पुरायचं. म्हणून दोन-तीन वर्षं नाचणी-वरी, शेवटी हरीक नाहीतर तीळ, आणि मग रान वाढू द्यायचं. म्हणजे 'पड' हा शेतीचाच भाग. तेव्हा एका नाचणीपासून पुढच्या नाचणीपर्यंत किती वर्षं गेली ते मोजा. अंतर कमी होत गेलेलं दिसलं की त्याच सुमाराचे वाटणीचे फेरफार पाहा. नाचणी कायमची गेली असेल तर घरातलं कोण कधी मुंबईला गिरणीत गेलं ते विचारा. १९९० नंतर अचानक काजू-आंबा लागला असेल तर बहुधा रोजगार हमीतली फळबाग.

कूळ खोताला, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराला, पिकाचा किती वाटा द्यायचं हे कळायला १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्याआधीचे कागद लागतात. अर्धेल म्हणजे निम्मा, तिर्धेल म्हणजे तिसरा हिस्सा.

मग कागद बाजूला ठेवून रानात चला. ऐन-किंजळ खोडाशी गाठाळ, फांद्या बुटक्या दिसल्या तर तिथून वर्षानुवर्षं भाजावळीसाठी (भाताची रोपं करायची जागा पालापाचोळा जाळून भाजण्यासाठी) कवळ, म्हणजे पानांसकट डहाळ्या, तोडली गेली आहे. गडग्यांचे, म्हणजे दगडी कुंपणांचे, दगडही बघा. मातीत बुडालेला गडगा बहुधा जुना.

विचारपूस म्हाताऱ्या बायकांकडे करा. पुरुष खोताच्या गोष्टी रंगवतात, लावणी बायकांनी केलेली असते. "पूर्वी शेती कशी होती?" असं विचारलंत तर "बरी होती" एवढंच मिळेल. "तरवा कुठे भाजायचात, कवळ कोणाच्या रानातून आणायचात?" असं विचारा (तरवा म्हणजे भाताच्या रोपांचा वाफा), आणि वही हाताशी ठेवा.