शिंदळ माकुडीची कोणती छाट कुठे लावायची: डीएनए मार्करने ठरवण्याची पद्धत

शिंदळ माकुडी, म्हणजे फ्रेरिया इंडिका, शिवनेरी, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर उरली आहे. फांदीचा तुकडा खोचला तरी ती रुजते, म्हणून तिचे संवर्धन सोपे वाटते, आणि घोटाळा तिथेच होतो. समजा, रोपवाटिकेत २०० कुंड्या आहेत आणि त्या सगळ्या सहा मातृरोपांच्या छाटांपासून झाल्या आहेत. जनुकांच्या हिशेबात तिथे सहाच झाडे आहेत. ती सहा ज्या बुरशीला बळी पडतील, तिच्यापुढे दोनशेही टिकणार नाहीत. नुसत्या नजरेला हे कळत नाही. त्यासाठी मार्कर, म्हणजे झाडाझाडांतला फरक दाखवणारी डीएनएतली खूण, लागतो.

नमुने घेण्याआधी प्रश्न कागदावर लिहा, कारण मार्कर प्रश्नानुसार बदलतो. कोणती रोपे एकाच झाडाच्या छाटा आहेत, एवढेच हवे असेल तर आयएसएसआर (दोन मायक्रोसॅटेलाइटमधले डीएनएचे भाग वाढवून पाहणारा मार्कर) पुरते. ते स्वस्त आहे आणि त्या जातीचा डीएनए क्रम आधी माहीत असावा लागत नाही. मात्र त्यात बँड (जेलवर उमटणारी डीएनएची रेघ) आहे की नाही एवढेच दिसते, जनुकाच्या दोन्ही प्रती सारख्या आहेत का हे कळत नाही. अंतःप्रजनन, म्हणजे जवळच्या नात्यातल्या झाडांचा संकर, मोजायचे असेल तर ८ ते १२ मायक्रोसॅटेलाइट (डीएनएत एकच छोटा क्रम पुन्हा पुन्हा येतो त्या जागा) लागतात. त्यांचे प्रायमर (हवी ती जागा पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) तयार नसतील तर आधी थोडे जीनोम सिक्वेन्सिंग करून ते शोधावे लागतात. आरएपीडी या जुन्या मार्करच्या वाटेला जाऊ नका. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याचे) मशीन बदलले की त्याचे बँडही बदलतात.

परवानगी वनविभागाची घ्यायची. किल्ला संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व खात्याचीही घ्या. नमुने परदेशी प्रयोगशाळेत जाणार असतील तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी आधी हवी.

नमुने पावसाळ्यात घ्या, कारण कोरड्या दिवसांत ही वनस्पती पाने टाकते. एका झाडाचे एखादे पान पुरते. पान मांसल असते. ते अख्खे सिलिका जेलमध्ये टाकले तर आतून काळे पडते आणि डीएनएचे तुकडे होतात. ब्लेडने २ ते ३ मिलिमीटरच्या पट्ट्या कापा, कागदी चहापुडीत भरा आणि पानाच्या वजनाच्या किमान दहापट सिलिकात ठेवा. दाण्यांचा रंग बदलला की त्याच दिवशी सिलिका बदला. पुडीवर पेन्सिलनेच लिहा, मार्कर पेनची शाई अल्कोहोल लागले की जाते. कड्यावर जीपीएसचा भरवसा धरू नका. पाच-सात मीटरच्या चुकीत एकाखाली एक असलेली दोन झाडे नकाशावर एक होऊन जातात. माथ्यापासून दोर सोडून खोली मोजा आणि फोटोवर क्रमांक टाका.

किती झाडे घ्यायची? ज्या जनुकरूपाचे (एकाच जनुकाच्या एखाद्या वेगळ्या रूपाचे) प्रमाण ५ टक्के आहे, त्याची निदान एक प्रत ९५ टक्के खात्रीने हाती यायला ५९ प्रती तपासाव्या लागतात, म्हणजे दोन प्रती असलेली ३० झाडे. तीही एकमेकांच्या छाटा नसलेली. एखाद्या कड्यावर तेवढी झाडेच नसतील तर असतील ती सगळी घ्या.

डीएनए काढताना खरा त्रास चिकाचा, म्हणजे पानातल्या बुळबुळीत पिष्टमय पदार्थांचा, होतो. वाळलेले २० मिलिग्रॅम पान बारीक करून सीटॅब बफरमध्ये, म्हणजे पेशी फोडून डीएनए मोकळा करणाऱ्या द्रावणात, घाला: सीटॅब २ टक्के, मीठ १.४ मोलर, ईडीटीए २० मिलिमोलर, ट्रिस १०० मिलिमोलर, पीएच ८, पीव्हीपी १ टक्का, आणि आयत्या वेळी ०.२ टक्के मरकॅप्टोइथेनॉल. ६५ अंशांवर ४५ मिनिटे ठेवा, मग क्लोरोफॉर्म व आयसोअमाइल अल्कोहोल २४:१ प्रमाणात घालून फिरवा. वरचा थर पिपेटने उचलताना तार सुटत असेल तर त्यात पिष्टमय पदार्थ उरले आहेत. तशा वेळी त्या थराच्या निम्मे ५ मोलर मिठाचे पाणी घाला, मगच दुप्पट गार इथेनॉल. मीठ जास्त असले की चीक द्रावणातच राहतो आणि डीएनए खाली बसतो. हे टाळले तर तळाशी जेलीसारखा गोळा येतो, तो विरघळत नाही आणि पीसीआर बंद पाडतो. २६० आणि २८० नॅनोमीटरला शोषलेल्या प्रकाशाचे २६०/२८० गुणोत्तर १.८ आले म्हणून समाधान मानू नका. २६०/२३० एकच्या खाली असेल तर पुन्हा धुवा.

पीसीआर २५ मायक्रोलिटरचे करा: डीएनए २० नॅनोग्रॅम, मॅग्नेशियम क्लोराइड २ मिलिमोलर, डीएनटीपी (डीएनएचे चार घटक) प्रत्येकी ०.२ मिलिमोलर, प्रायमर ०.४ मायक्रोमोलर, टॅक (प्रती बनवणारे विकर) १ युनिट. एजी किंवा जीए ही अक्षरजोडी आठ वेळा आलेल्या प्रायमरपासून सुरुवात करा. प्रायमर चिकटण्याचे तापमान ५० अंशांच्या आसपास, ३५ चक्रे. काहीच उमटले नाही तर डीएनए वाढवू नका, उलट दहापट पातळ करा. बहुतेक वेळा अडथळा चिकाचाच असतो. दीड ते दोन टक्क्यांच्या अगॅरोज जेलवर स्पष्ट दिसणारेच बँड मोजा, पुसट बँड सोडून द्या. प्रत्येक फेरीत डीएनएविना एक नळी हवीच. तिच्यात बँड आला तर ती फेरी रद्द.

आता नेहमी वगळले जाणारे काम. एका झाडाच्या दोन-तीन छाटा मुद्दाम वेगवेगळे नमुने म्हणून पहिल्यापासून चालवा. शिवाय दहा टक्के नमुने पुन्हा करा. त्या छाटांत जेवढा फरक दिसेल तेवढी तुमची चूक, आणि तीच क्लोन, म्हणजे एकाच झाडाच्या छाटा, ओळखण्याची मर्यादा. दोन रोपांतला फरक तिच्या आत असेल तर ती एकच समजा. यानंतरच प्रत्येक क्लोनचे एकच रोप ठेवून पुढचे विश्लेषण करा. मायक्रोसॅटेलाइट वापरून स्ट्रक्चर या संगणक प्रणालीत गट पाडताना क्लोन तसेच राहिले तर ते स्वतःचाच खोटा गट करून बसतात.

रोपवाटिकेत प्रत्येक कुंडीवर मातृरोपाचा क्रमांक हवा आणि प्रत्येक मातृरोपाच्या छाटा सारख्याच संख्येने हव्यात. एखादे रोप जोमाने वाढते म्हणून त्याच्याच छाटा वाढवण्याचा मोह सर्वांना होतो. बियांचा हिशेब वेगळा आहे. या उपकुळात पराग सुटा नसतो, त्याचे पिंड असतात, आणि एका शेंगेतल्या बिया बहुधा एकाच पिंडातून, म्हणजे सख्खी भावंडे. एका शेंगेच्या शंभर बियांपेक्षा वीस झाडांच्या वीस शेंगांतून पाच-पाच बिया घ्या.

शिवनेरीची रोपे शिवनेरीवर, सज्जनगडची सज्जनगडावर. मिसळ तेव्हाच करा, जेव्हा एखाद्या कड्यावर दोन-चारच क्लोन उरलेत आणि शेंगा धरत नाहीत. तीही आधी काही कुंड्यांत करून संकराच्या बिया उगवतात का ते पाहा. अहवालात मूळ जागा तालुक्यापुरतीच लिहा. मांसल वनस्पती जमवणाऱ्यांना दोराच्या खोलीसकट पत्ता देण्याची गरज नाही.