घरच्या घरी ट्यूडर किर्टल

इंग्लंडच्या ट्यूडर राजघराण्याच्या काळातला पोशाख म्हटलं की आधी मोती, मखमल आणि मानेभोवतीची ती भलीमोठी झालर आठवते. पण किर्टल म्हणजे चोळीला घेर जोडलेला लांब पोशाख, आणि त्यात खरं काम सपाट, ताठ चोळी करते. चोळी नीट बसली तर साध्या लोकरी कापडालाही तो घाट येतो. ती बिघडली तर वरून कितीही जर लावा, नाटकाचा भाड्याचा कपडाच वाटतो.

ट्यूडर राजवट १४८५ ते १६०३, म्हणजे शंभराहून जास्त वर्षं, त्यामुळे आधी काळ पक्का करा. इथे आठव्या हेन्रीच्या अखेरच्या वर्षांतला, १५४०च्या आसपासचा चौकोनी गळ्याचा किर्टल धरला आहे. कांजी दिलेली मोठी झालर पुढची, राणी पहिल्या एलिझाबेथच्या काळातली. ती यावर चढवू नका.

किर्टलला मध्यम जाडीचं लोकरी कापड, दीडशे सेंमी पन्ह्याचं ४ मीटर लागतं. आतल्या झग्याला लिनन ३ मीटर, चोळीच्या आत घालायला जाड सुती कॅनव्हास १ मीटर आणि अस्तराला तेवढंच लिनन. बेतण्याआधी लिनन गरम पाण्यातून काढा, नंतर आटलं तर उपाय नाही. रंग मंजिष्ठेचा लाल, तपकिरी किंवा करडा. पॉलिएस्टर सॅटिन नको: ते चकाकतं आणि त्याच्या चुण्या उभ्या राहत नाहीत.

झगा सोपा, सगळे तुकडे चौकोनीच. फक्त बगलेत १२ सेंमीचा चौबगला, म्हणजे जोडाचा चौकोनी तुकडा, विसरू नका, नाहीतर हात वर करताच शिवण उसवते.

चोळी आधी मांजरपाटावर बेता. मापं झगा घालूनच घ्या. पुढचा भाग अखंड, पाठ दोन तुकड्यांत, टक्स अजिबात नाहीत. टक्स घातले की आजचा ब्लाउज झाला. छाती आणि कंबर अंगाच्या मापापेक्षा ५ सेंमी कमी ठेवा, म्हणजे पाठीवर नाडी आवळल्यावर तेवढी फट राहील आणि चोळी अंगाला घट्ट धरेल. कडेच्या शिवणींना ३ सेंमी माया, बाकी सगळीकडे दीड.

दोन चुका हमखास होतात. मुंढा खोल कापला तर हात उचलताना अख्खी चोळी वर चढते. तो बगलेला जवळजवळ टेकला पाहिजे. दुसरी, खांद्यावरून पट्टी घसरणं. पाठीकडून पट्ट्या फार दूर लावल्या की हे होतं. पाठीवर त्यांना मध्याकडे दोनेक सेंमी सरकवा आणि गळ्याच्या कडेला न ताणणारी सुती फीत टाचा.

कॅनव्हास दुहेरी आणि उभ्या धाग्यावर कापा. उरेब कापलेला ताणतो आणि कमरेला आडव्या वळ्या पडतात. त्याच्या दोन थरांमध्ये १ सेंमीच्या नळ्या शिवून चोळी ताठ राहण्यासाठी ८-९ मिमी रुंदीचे केबल टाय सरकवा. टोकं गोल कापा, शिवणीपासून दीड सेंमी अलीकडे थांबवा. प्लॅस्टिक त्या काळचं नाही हे खरं, पण आत डोकावतंय कोण?

पाठीवरची भोकं दाभणानं करा, कात्रीनं नको: दाभण धागे बाजूला सारतो, तोडत नाही. मग भोवती काजाचे टाके घाला. भोकांत २ सेंमी अंतर. एकच नाडी नागमोडी ओवायची, म्हणून एका बाजूची भोकं दुसऱ्या बाजूपेक्षा १ सेंमी खाली. दोन्हींकडची सर्वांत वरची आणि सर्वांत खालची तेवढी समोरासमोर.

घेर ३ मीटरचा, पाठीमागे २५ सेंमीची चीर. वरच्या कडेला आत लोकरी पट्टी दुमडून घ्या, तिनं चुण्या भरीव होतात. जाड दोऱ्यानं १२ मिमीचे धावदोऱ्याचे टाके, एकाखाली एक अशा दोन ओळींत घाला. वरखालचे टाके तंतोतंत जुळलेच पाहिजेत. दोरे ओढले की सव्वाशे उभ्या चुण्या मिळतात. कंबर ७५ सेंमी असेल तर प्रत्येकीला ६ मिमी. चोळीची खालची कड आधी पूर्ण बंद करा. मग प्रत्येक चुणीचं टोक तिला दोन टाक्यांनी हातानंच जोडा. मशीननं त्या चपट्या होतात.

खालची दुमड लगेच घालू नका. किर्टल दिवसभर टांगून ठेवा, कापड ओघळू द्या, मग झगा आणि बूट घालून जमिनीपासून सारख्या उंचीवर खडूनं खूण करून कापा.