मोबाइलवर फ्रेम बांधायचा सराव: मंडईतली एक सकाळ

कॉम्पोझिशनचे, म्हणजे फोटोतल्या मांडणीचे, नियम वाचून तासाभरात पाठ होतात. डोळ्याला त्यांची सवय लागते ती एकाच जागी पुन्हा पुन्हा जाऊन. पुण्यातल्या विद्यार्थ्यांना मी महात्मा फुले मंडई सुचवेन. 1886 सालची ही दगडी इमारत, तिच्या कमानी आणि आत भाज्यांचे ढीग, सगळं एका छपराखाली मिळतं. तुमच्या गावचा आठवडी बाजारही चालेल.

आधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड, म्हणजे स्क्रीनवरच्या दोन उभ्या आणि दोन आडव्या रेषा, चालू करा. मग एक झूम ठरवा, 1एक्स किंवा 2एक्स, आणि त्या दिवसापुरतं तेच ठेवा. बोटांनी झूम करायचं नाही. जवळचं हवं असेल तर जवळ जा. फक्त 1एक्सवर माणसाचा चेहरा अगदी कडेला ठेवू नका, तो ताणल्यासारखा दिसतो.

पहिला सराव रूल ऑफ थर्ड्सचा, म्हणजे फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन सारखे भाग करून मांडणी करण्याचा. ग्रिडच्या रेषा जिथे छेदतात तिथे विषय ठेवा. भाजीवाल्या मावशी उजवीकडे बघत असतील तर त्यांना डाव्या रेषेवर घ्या, म्हणजे नजरेपुढे मोकळी जागा राहील. लगेच तोच फोटो विषय मधोमध ठेवूनही काढा. हा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 मध्ये निसर्गचित्रांविषयी लिहिताना मांडला होता, तेव्हा त्याला कायदा समजायचं कारण नाही. कमानीखाली समोरासमोर उभे राहाल तेव्हा मधोमधच शोभतं.

दुसरा सराव माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा, आणि त्यालाच सगळ्यात कमी वेळ दिला जातो: फ्रेमच्या कडा. बटण दाबण्याआधी नजर चारही कोपऱ्यांतून फिरवा. समजा, लिंबांचा ढीग, मागे मावशी आणि त्यांच्यामागे टांगलेला बल्ब आहे. बल्ब नेमका डोक्यातून उगवल्यासारखा दिसतोय, डाव्या कडेला कुणाचं तरी अर्धं कोपर आलंय, खाली प्लास्टिकची पिशवी चमकतेय. अर्धं पाऊल उजवीकडे सरका, बल्ब डोक्यापासून सुटतो. थोडं पुढे झालात की कोपर बाहेर जातं. आता उकिडवे बसा: ढीग मोठा होतो, पिशवी त्याच्याआड जाते आणि मावशींचे हात लिंबांच्या वर येतात. वस्तू एकही हलवली नाही, फक्त तुम्ही हललात. एकाच विषयाभोवती असं उभं, बसून, डावीकडून, उजवीकडून फिरा, मगच पुढच्या गाळ्याकडे जा.

रेषा आणि चौकटी त्यानंतर आपोआप दिसू लागतात. गाळ्यांमधली वाट नजरेला आत नेते, पण तिच्या टोकाला बघण्यासारखं काही हवं. डोक्यावर पाटी घेतलेला माणूस तिथे येईपर्यंत थांबा. कमानीतून पलीकडचं टिपताना कमान अंधारात राहिली तरी हरकत नाही. उजेड पलीकडच्या माणसावर घ्या.

माणसांचे फोटो विचारून काढा. “मावशी, एक फोटो काढू का?” एवढं पुरतं. नाही म्हणाल्या तर हसून पुढे जा. गिऱ्हाईक समोर असताना मध्ये उभं राहू नका, आणि काढलेला फोटो त्यांना नक्की दाखवा.

जागेवर काहीही डिलीट करू नका. घरी आल्यावर सगळे फोटो गॅलरीत लहान आकारात बघा. एवढ्याशा चौकोनातही विषय चटकन कळला, तर मांडणी जमली. मग क्रॉप करायला बसा आणि दर वेळी कुठल्या बाजूने कापावं लागतंय ते वहीत लिहा. बहुतेकांची एक बाजू ठरलेली निघते; नजर तिथे पोचतच नसते. पुढच्या खेपेला बटण दाबण्याआधी नजर त्याच बाजूपासून फिरवायला सुरुवात करा.